ओहायोतला शाईच्या पेनांचा बाजार

अमेरिकेतल्या कोलंबस शहराला लागून डब्लिन नावाचं गाव आहे. (आयर्लंडचं नव्हे, ओहायोचं.) दर नोव्हेंबरात तिथल्या एका हॉटेलात शाईच्या पेनांचा मेळा भरतो, ओहायो पेन शो. यंदा मी गेले. आदल्या रात्री अप्पांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "पेनं बघायला कशाला जायलीस? तिकडं दुकानं न्हाईत का?" मागून आई म्हणाली, "जाऊ द्या हो. सोनं तर घ्यायली न्हाई ना." बऱ्याच पेनांची निब चौदा कॅरट सोन्याची असते, हे मी त्या वेळी बोलले नाही.

प्रदर्शन म्हटल्यावर काचेची कपाटं आणि "हात लावू नये" अशी पाटी डोळ्यांपुढे येते. इथे तसं नाही. मोठ्या दालनात लांबच लांब टेबलं, त्यांवर मखमली कापड, कापडावर शेकड्यांनी पेनं आणि पलीकडे खुर्ची टाकून बसलेला मालक. सगळा थाट आपल्या आठवडी बाजाराचा. सकाळी निवडीला माल भरपूर, शेवटच्या दिवशी दुपारनंतर भाव उतरलेले आणि नेहमीच्या गिऱ्हाइकासाठी काहीतरी टेबलाखाली झाकून ठेवलेलं. घासाघीसही चालते, फक्त आवाज न चढवता. नियम असा की पेन उचलायचं ते विचारून, टोपण फिरवायचं तेही विचारून. निब शाईत बुडवून बघायची असेल तर पुन्हा विचारायचं. एवढं पाळलं की पलीकडचा माणूस त्या पेनाची जन्मकुंडली ऐकवायला लागतो आणि मग तिथून उठणं अवघड.

अशाच एका टेबलावर मला पोटाला धातूची अर्धी चकती असलेलं काळं पेन दिसलं. ते कॉन्क्लिन. ही कंपनी ओहायोतल्याच टोलेडो शहरातली, १८९८ सालची. ती चंद्रकोरीसारखी चकती दाबली की आतली रबरी पिशवी चेपते, सोडली की शाई ओढून घेते. ड्रॉपर नको, सांडलवंड नको. मार्क ट्वेनने या पेनाची शिफारस केली होती. चकतीमुळे ते टेबलावरून घरंगळत नाही, त्यामुळे तोंडून शिव्या निघत नाहीत, असं त्याचं म्हणणं. जाहिरात अशी असावी.

मला सगळ्यात नवल वाटलं ते या पेनांच्या गावांचं. जगभर नाव झालेल्या अमेरिकन पेनांचे कारखाने मोठ्या शहरांतच असतील असा माझा समज होता. पण पार्कर विस्कॉन्सिनमधल्या जेन्सव्हिलचं आणि शेफर आयोवातल्या फोर्ट मॅडिसनचं. दोन्ही गावं मक्याच्या शेतांच्या मुलखातली, आपल्या परभणी-हिंगोलीच्या वळणाची. जॉर्ज पार्कर तारयंत्राचा मास्तर होता. पगार पुरेना म्हणून विद्यार्थ्यांना सिनसिनाटीच्या एका कंपनीची पेनं विकायचा. ती गळायची, मुलं परत आणून द्यायची, हा बसून दुरुस्त करायचा. शेवटी १८८८ मध्ये त्याने स्वतःचीच कंपनी काढली. शेफर तर सराफ होता. दागिन्यांच्या दुकानात बसून त्याने शाई भरायची, पेनाच्या पोटावरची खटकी शोधली आणि १९०८ मध्ये तिचं पेटंट घेतलं. थोडक्यात, पार्करचा उद्योग तर गळक्या पेनांच्या दुरुस्तीतूनच उभा राहिलेला आहे. म्हणून मला शोमधल्या महागड्या टेबलांपेक्षा दुरुस्तीची टेबलं खरी वाटली. लाखेच्या लेपावर सोन्याची पूड भुरभुरून नक्षी काढलेली जपानी माकी-ए पेनं मीही डोळे भरून पाहिली, पण त्यांची किंमत ऐकून हात आपोआप मागे गेले.

दुरुस्तीच्या टेबलावर एक आजोबा बसले होते. माझ्यासमोर त्यांनी ऐंशी वर्षांपूर्वीचं पेन उघडलं. आतली रबरी पिशवी वाळून तिचे खापरासारखे तुकडे झाले होते. ते कोरून काढले, नवी पिशवी कापली, तिला शंखजिऱ्याची पूड लावली आणि तोंडाशी चिकटवली. कशाने? लाखेने. स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख. आधुनिक डिंक का नाही, असं मी विचारलं. म्हणाले, लाख थोड्या उबेने सुटते, म्हणजे पुढच्या वेळी दुरुस्त करणाऱ्याला पेन फोडावं लागत नाही. आपल्यानंतर कुणीतरी हे पेन पुन्हा उघडणार आहे, हे धरूनच ते काम करत होते. ही लाख बहुतेक झारखंड-छत्तीसगडच्या जंगलातून येते, असं मी त्यांना सांगितलं. त्यांना ते माहीत होतं. मलाच जरा उगाच कॉलर ताठ केल्यासारखं झालं.

त्यांच्याकडून एक जुनं कोडंही सुटलं. अंबाजोगाईला शाळेत असताना एप्रिलमध्ये आमची पेनं हमखास गळायची. खडूने शाई टिपायची, बोटं केसांना पुसायची आणि मास्तरांचा मार खायचा, असा क्रम असे. दोष आम्ही पेनाला द्यायचो. खरी गोष्ट अशी की ड्रॉपरने भरायच्या पेनात शाई निम्मी झाली की वरची जागा हवेने भरते. ४२ अंशांच्या उन्हात, त्यात खिशात अंगाची ऊब, ती हवा फुगते आणि शाईला निबेखालच्या जिभेतून बाहेर ढकलते. म्हणजे उन्हाळ्यात पेन काठोकाठ भरलेलं ठेवायचं, अर्धवट नाही. आम्ही नेमकं उलटं करायचो, कमी भरलं तर कमी गळेल म्हणून.

पार्कर ५१ बद्दल लिहिलं नाही तर हा लेख अपुरा राहील, कारण दर तिसऱ्या टेबलावर ते होतंच. १९४१ पासून बाजारात आलेलं, निब जवळजवळ पूर्ण झाकलेली, फक्त टोक बाहेर. आपल्याकडे ज्या चिनी हिरो पेनाने कित्येक घरांत दहावीचे पेपर लिहिले, त्याचं रूप इथूनच उचललेलं. १९४८ मध्ये, म्हणजे आपला मराठवाडा निजामाच्या राज्यातून सुटला त्याच वर्षी, या पेनात शाई भरायची पद्धत बदलली. आत रबराऐवजी पारदर्शक प्लास्टिकची पिशवी आली. ती इतकी टिकाऊ निघाली की त्या काळची पेनं आज नुसती धुऊन घेतली तरी चालतात. नव्याने छंद लागलेल्यांनी जुनं पेन घ्यायचं तर हेच घ्यावं, असं माझं मत. मी मात्र घेतलं ते एस्टरब्रुक. ४० डॉलरला, म्हणजे आपल्या साडेतीन हजारांच्या आसपास. त्याची निब आट्यांवर फिरवून काढता येते, एका पेनाला वेगवेगळ्या निबा.

आता निब घासून देणाऱ्यांविषयी. त्यांच्याकडे सकाळीच नाव लिहावं लागतं. नंबर आला की समोर बसवून तुम्हाला लिहायला लावतात आणि ते कागदाऐवजी हाताकडे बघत राहतात. मी देवनागरीत लिहिलं. निब घासणाऱ्या बाई थांबल्या, शिरोरेघ शेवटी ओढली ते पाहून हसल्या आणि म्हणाल्या, पुन्हा लिही. जाड-बारीक रेघेच्या तयार निबा रोमन अक्षरांसाठी कापलेल्या असतात. देवनागरीला बोरूचा काप उलट बाजूने तिरका लागतो, म्हणून इथली निब आपल्या अक्षरात नको तिथे जाड आणि नको तिथे बारीक उमटते. माझे आजोबा निजामाच्या काळात शाळेत गेले, उर्दू आणि मराठी दोन्ही लिहायचे आणि बोरू चाकूने स्वतः तासायचे. त्यांचं बघितलेलं मी बाईंना कागदावर काढून दाखवलं. त्यांनी बारीक घासपट्टीवर निब फिरवली, लिहायला दिली, परत घेतली, परत फिरवली. टोकावर कठीण धातूचा इवलासा मणी असतो, त्यामुळे उलटा काप एका मर्यादेपर्यंतच देता येतो, हेही आधीच सांगितलं. तरी माझ्या अक्षराला जे वळण आलं ते पाहून मी शेजारच्या अनोळखी माणसालाही वही दाखवली.

शाई तपासायच्या टेबलावर बाटल्यांची रांग होती. निळ्या रंगाच्या इतक्या छटा असतात आणि त्यांतली प्रत्येक कुणाला तरी हवी असते, हे मला पटायला वेळ लागला. अप्पांच्या पिढीने शाईची गोळी पाण्यात विरघळवून दौत भरली. दांडेकरांनी १९३१ मध्ये कॅम्लिनची सुरुवात केली तीही घोडा छाप शाईच्या पुड्या आणि गोळ्यांवरच. कागद मात्र मी घरून आणलेला नेला होता, दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा. तुघलकाने दिल्लीची राजधानी दौलताबादला हलवली, तेव्हापासून तिथे हातकागद होतो असं गावात सांगतात. सगळे तो बोटांनी चाचपून बघत होते. लिहायला मात्र जपान्यांचा पातळ तोमोए रिव्हर सरस ठरला, हे मान्य करायला हवं. पूर्वी हातकागदाला खळ लावून दगडाने घोटत, त्यामुळे शाई पसरत नसे. माझ्या कागदावर ती थोडी पसरली.

भारतीय पेनंही होती, हाताने लेथवर कातलेली, एबोनाइटची (म्हणजे कडक रबराची), आणि त्यांच्यापुढे गर्दी होती. राजमहेंद्रीच्या रत्नम यांचं नाव तिथल्या दोघांना ठाऊक होतं. रत्नम यांनी बनवलेलं स्वदेशी पेन मिळाल्यावर १९३५ मध्ये गांधीजींनी त्यांना पत्र लिहिलं होतं, ही गोष्ट त्यांनीच मला ऐकवली.

फोटो टाकल्यापासून घरच्या ग्रुपवर कपाटातली जुनी पेनं निघायला लागली आहेत. सुधामामी, तुमचं पेन एबोनाइटचं दिसतंय. ते गरम पाण्यात अजिबात टाकू नका, रंग उडून तपकिरी पडेल. स्पिरिटही नको. गार पाण्यात निबेकडची बाजू रात्रभर बुडवून ठेवा आणि पाणी निळं यायचं थांबेपर्यंत बदलत राहा. टोपण घट्ट बसलं असेल तर पक्कड लावू नका, मामांनाही लावू देऊ नका. डिसेंबरात मी येतेच आहे, तोवर तसंच राहू द्या. आणि आई, सोन्याचं म्हणत होतीस ना, एस्टरब्रुकची निब स्टीलची आहे.