नानांचे पिस्तूल

परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे काम करणाऱ्या कारागिराने गिऱ्हाइकाला काय घ्यावे आणि काय घेऊ नये हे सांगू नये, असे आमच्या मालकांचे मत आहे. ग्वाल्हेरमध्ये ते बहुधा चालूनही जाते. कारण इकडे, आणि शेजारच्या भिंड-मुरैन्याकडे तर विशेषच, बंदूक चालवण्यापेक्षा चारचौघांत दिसावी म्हणून अधिक घेतली जाते. २०१९ मध्ये परवाना मागणाऱ्यांना दहा झाडे लावण्याची अट इथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी घातली होती, यावरून मागणीचा अंदाज यावा. माझे बहुतेक दिवस दुनळीचे गंजलेले इजेक्टर, म्हणजे रिकामी काडतुसे बाहेर फेकणारे भाग, सोडवण्यात आणि निवडणुका आल्या की जमा होणाऱ्या शस्त्रांच्या पावत्या लिहिण्यात जातात. नानांचे प्रकरण मात्र त्यात बसले नाही, आणि अजूनही माझ्या डोक्यातून गेलेले नाही.

नाना सराफ्यातले जुने दुकानदार, वय साठीच्या पुढे. त्यांना रिव्हॉल्वरऐवजी पिस्तूल घ्यायचे होते. रात्री दुकान वाढवून ते लष्कर नावाच्या भागातल्या घरी पायी जातात आणि त्या वाटेसाठी कमरेला .३२ बोअरचे (बोअर म्हणजे नळीचे माप) आखूड नळीचे, कानपूरच्या कारखान्यात तयार झालेले रिव्हॉल्वर बाळगतात. त्यांच्या परवान्यावर दुसरी नोंद वडिलांच्या बारा बोअर दुनळीची आहे. शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनपेक्षा जास्त शस्त्रे ठेवता येत नाहीत, त्यामुळे पिस्तूल घ्यायचे तर दोहोंतले एक काढावे लागणार होते. वडिलांची दुनळी विकणे त्यांना शक्य नव्हते. ती वर्षातून एकदा दसऱ्याला पूजेपुरती बाहेर येते, पण विकायची म्हटली की नानांचा चेहरा उतरतो. म्हणजे जायचे होते ते रोज वापरातले रिव्हॉल्वर.

त्यांच्यासोबत इंदूरचे जावई आले होते आणि निर्णय खरे तर त्यांनीच आधी घेतलेला होता. मोबाइलवर अमेरिकन लोकांचे व्हिडिओ पाहून त्यांनी ९ मिलिमीटरच्या पिस्तुलांची एक यादीच आणली होती. ते बोअर आपल्याकडे प्रतिबंधित असून सामान्य नागरिकाच्या परवान्यावर मिळत नाही, हे सांगितल्यावर ते खट्टू झाले, पण .३२ मध्येही पिस्तूलच हवे, कारण रिव्हॉल्वर ही जुनी वस्तू आणि पिस्तूल आधुनिक, या मुद्द्यावर ते ठाम राहिले. रिव्हॉल्वरचे .३२ लाँग काडतूस १८९६ चे आणि पिस्तुलाचे .३२ काडतूस, जे ब्राउनिंगने बेतले, ते १८९९ चे. म्हणजे त्यांची आधुनिकता तीन वर्षांची होती. शिवाय गोळीच्या वजनात रिव्हॉल्वरच वरचढ आहे: एकीकडे ९८ ग्रेन (गोळी तोलायचे बारीक माप), दुसरीकडे ७१. मी हे बोललो तेव्हा मालकांनी माझ्याकडे पाहिले आणि मी गप्प बसलो.

जावईबापूंच्या बाजूनेही सांगण्यासारखे होते, आणि ते मी सांगितले. पिस्तूल चपटे असते, सदऱ्याखाली फुगवटा दिसत नाही. रिव्हॉल्वरच्या सहा काडतुसांपुढे त्यात एक-दोन अधिक मावतात आणि संपल्यावर भरलेले दुसरे मॅगझिन, म्हणजे मुठीत सरकवायची काडतुसांची डबी, चढवता येते. चापही हलका असतो. नानांच्या रिव्हॉल्वरचा घोडा, म्हणजे काडतुसावर आपटणारा भाग, आधी उचलला नाही तर चाप इतका लांब आणि जड ओढावा लागतो, की आखूड नळीवर नेम हमखास हलतो. परंतु चुकून गोळी सुटू नये यासाठी तोच जड चाप त्या रिव्हॉल्वरची खरी सेफ्टी आहे, ही गोष्ट तुलना करताना सगळे विसरतात. काडतूस पेटले नाही तर रिव्हॉल्वरचा चाप पुन्हा ओढायचा, की पुढचे काडतूस घोड्याखाली येते. पिस्तुलात मात्र दोन्ही हात लावून स्लाइड, म्हणजे नळीवरचा मागेपुढे सरकणारा भाग, ओढून ते बाहेर फेकावे लागते. पट्ट्याच्या चामड्यात राहून राहून नानांच्या राखीव काडतुसांच्या पितळेवर हिरवा गंज चढलेला मी त्याच दिवशी पाहिला होता, म्हणून हा मुद्दा मला निव्वळ पुस्तकी वाटत नव्हता.

.३२ च्या छोट्या पिस्तुलात नळी आणि स्लाइड एकमेकांत अडकलेली नसतात. स्फोटाचा धक्का केवळ स्लाइडचे वजन आणि स्प्रिंग पेलतात, म्हणून ती स्प्रिंग कडक ठेवावी लागते. आणि मनगट ढिले असेल तर स्लाइड पुरती मागे न येता रिकामे खोके मध्येच अडकते. दुसरे असे, की या काडतुसाच्या बुडाला किंचित कडा असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढे बसली पाहिजे. मागे बसली तर दोन्ही एकमेकांत अडकतात, मॅगझिन तिथेच आवळते आणि कमरेला असताना ते कोणाला कळतही नाही. हे मी नानांना दोनदा दाखवले. त्यांनी सोनाराच्या सवयीने डोळ्याला भिंग लावून पाहिले आणि तिसऱ्यांदा माझ्याहून नीट भरले. त्यांच्या बोटांत काहीही उणे नाही, स्लाइडही ते सहज ओढत होते.

मग मी इशापूरच्या कारखान्याच्या अशनी पिस्तुलात माझी डमी, म्हणजे दारू नसलेली, काडतुसे भरली. ही मी स्वतः लेथवर पितळेची काढलेली आहेत, ठिणगी देणाऱ्या टोपीच्या जागी रबर बसवलेले, आणि त्यांचा मला थोडा अभिमान आहे. स्लाइड ओढून एक चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी काडतूस बसते त्या जागेत, घेतले, सेफ्टी लावली, पिस्तूल कापडावर ठेवले आणि म्हणालो, “नाना, आता हे रिकामे करून माझ्या हातात द्या.”

नानांनी नळी भिंतीकडे धरली, सेफ्टी काढली, स्लाइड मागे ओढली. एक डमी उडून बाहेर पडले. त्यानंतर त्यांनी मॅगझिन काढले, दोन्ही वस्तू नीट माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाले, “घ्या, रिकामे.” जावईबापूंनी मान डोलावली. मी स्लाइड ओढली आणि दुसरे डमी काउंटरच्या काचेवर पडले.

मॅगझिन आत असताना ओढलेली स्लाइड एक काडतूस बाहेर टाकते आणि परत जाताना दुसरे आत घेते. म्हणून आधी मॅगझिन, मग स्लाइड, मग डोळ्यांनी आणि बोटाने चेंबर, हा क्रम आहे. नानांना तो तोंडी सांगताही येत होता, कारण मी दहाच मिनिटांपूर्वी सांगितला होता. पण त्यांच्या हातांना वेगळेच ठाऊक होते. त्यांचे रिव्हॉल्वर अंगठ्याने खटका दाबला की मधोमध मोडते, सहाही काडतुसे एकदम वर येतात आणि सहाही भोके उघडी दिसतात. तिथे क्रम चुकायला जागाच नाही. जे बाहेर आले ते पाहिले म्हणजे आत काही उरले नाही, हा इतक्या वर्षांचा सराव त्यांनी पिस्तुलावर तसाच चालवला.

“काका, होईल सवय,” जावईबापू म्हणाले. कुठे होईल, हे मी विचारले नाही. दुकानात गोळी झाडून पाहता येत नाही. परवान्यासाठी सुरक्षा-प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मागतात खरे, पण काउंटरवर येणाऱ्या प्रमाणपत्रधारकांपैकी कितीजण बोट चापाबाहेर ठेवतात ते मी रोज पाहतो. खासगी शस्त्र विकण्यापूर्वी लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. या नियमाचा लोकांना वैताग असला तरी मला त्या दिवशी तो बरा वाटला. माझी डमी मी नानांना त्या मुदतीपुरती दिली आणि परवान्यावर बदलाची नोंद होईपर्यंत अधूनमधून दुकानात येऊन पिस्तुलावर हात बसवा म्हटले.

ते आले, अनेकदा आले, बहुधा दुपारी आणि एकटे. लक्ष देऊन केले की क्रम कधीच चुकत नसे. मग मी एकदा मुद्दाम त्यांच्याशी सोन्याच्या भावावर बोलत बसलो आणि बोलता बोलता पिस्तूल पुढे केले. हात पुन्हा आधी स्लाइडकडे गेला. तो त्यांनी स्वतःच मध्ये थांबवला, हेही नमूद केले पाहिजे. “रिव्हॉल्वर राहू द्या, नाना,” मी त्या दिवशी स्पष्ट म्हणालो. त्यांनी हसून उत्तर दिले, “आता घरात सगळ्यांना सांगून झालंय हो.”

मुदत संपल्यावर कागद पुरे झाले आणि मालकांनी पिस्तूल विकले. न विकण्याचे कारण कायद्याने आमच्याकडे काहीच नव्हते, हे मलाही मान्य आहे. माझ्या सांगण्यावरून नाना चेंबर रिकामे ठेवून पिस्तूल बाळगतात. त्यामुळे अपघाताची भीती बरीच कमी झाली. पण गल्लीत वेळ आलीच तर आता दोन्ही हात मोकळे हवेत आणि स्लाइड ओढण्याइतका अवधी हवा, जे त्यांच्या जुन्या रिव्हॉल्वरला लागत नव्हते. आधुनिक म्हणून जावईबापूंनी बदल करवला आणि जुन्याची तत्परताच गेली. ते रिव्हॉल्वर आमच्या कपाटात विक्रीला आहे, मी ते साफ करून तेल दिले आहे, आणि नानांनी अजून दोनदा तरी त्याची चौकशी केली आहे.

तेव्हापासून रिव्हॉल्वर सोडून पिस्तूल मागणाऱ्या प्रत्येकाला मी डमी भरून पिस्तूल रिकामे करायला लावतो, आणि तेही गप्पा मारत. मालकांना हे पसंत नाही. गिऱ्हाइकाची परीक्षा घेणे दुकानाला शोभत नाही असे ते म्हणतात. मुरैन्याचे एक गृहस्थ खरोखरच रागावून उठून गेले. त्यांच्याही पिस्तुलातून दुसरे डमी पडले होते.