वाघीण रस्ता सोडून गेली ती जागा

मार्चमध्ये चार दिवस ताडोबाला जाऊन आले. नागपूर ते चंद्रपूर एसटी, पुढे मोहर्ली, ऊन आणि भरपूर धूळ. ते सगळं सोडा, मला लिहायचंय ते तिसऱ्या दिवशीच्या सकाळबद्दल.

माझी एक मैत्रीण तिथे बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या जंगलात, कॅमेरा ट्रॅपचं काम करते, म्हणजे प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे. तिने रीतसर परवानगी काढून मला त्यातली मेमरी कार्डं गोळा करायला सोबत नेलं. बरोबर वनरक्षक ताई आणि जवळच्या गावातले एक दादा. मला वाटायचं कॅमेरा झाडात कुठेतरी लपवलेला असतो, तसं काहीच नाही. कच्च्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्यांवर, आपल्या गुडघ्याएवढ्या उंचीवर दोन डबे, अगदी समोरासमोर नाही, जरा मागेपुढे, नाहीतर एकाचा फ्लॅश दुसऱ्याच्या डोळ्यात जातो. दोन का, तर वाघाच्या डाव्या अंगावरचे पट्टे वेगळे, उजव्या अंगावरचे वेगळे, दोन्ही बाजू एकदम मिळाल्या की ओळख पक्की होते.

डावीकडचा कॅमेरा आभाळाकडे तोंड करून होता. कार्ड मोबाइलला लावलं तर आधी अस्वलाचं नाक, मग नुसता जबडा, आणि पुढचे सगळे फोटो सागाच्या फांद्यांचे. हाताचा वास, प्लॅस्टिकचा वास, अस्वलाला काय आवडलं कोण जाणे, पण कॅमेरा बांधायच्या पट्ट्यावर दातांच्या खुणा होत्या.

त्याच रात्री वाघीण आली होती. उजव्या कॅमेऱ्यात तीन फोटो. पहिल्यात आरामात चाललीये. दुसऱ्यात थांबून कॅमेऱ्याकडे बघतीये, कान मागे पडलेले. पट्टे स्वच्छ दिसावेत म्हणून इथे पांढरा फ्लॅश वापरतात, मिट्ट काळोखात तो डोळ्यांवर आला असणार. तिसऱ्यात फक्त शेपूट. त्यानंतर अकरा रात्री एकही फोटो नाही.

"गेली वाटतं इथून," मी म्हणाले.

"कुठंच नाई गेली जी ताई, रोज येते. हे पाहा ना."

दादांनी काठीने धूळ दाखवली. पिठासारखी मऊ धूळ, त्यात पहाटेचे ताजे पगमार्क, मादीचे म्हणून जरा लांबट. मी खाली बसले. टाचेच्या गादीची मागची तीन वळणंसुद्धा स्वच्छ उठली होती. हे ठसे रस्त्याने सरळ येत होते आणि कॅमेऱ्याच्या दहाएक पावलं आधी डावीकडे वळले. सागाची वाळकी पानं दबलेली, मग बांबूच्या बेटामागून वळसा, आणि पुढे पुन्हा रस्त्यावर, जणू मधे काही झालंच नाही. माझ्या पावलांनी बावीस पावलांचा वळसा.

"तिले माहीत हाये डबा कुठं हाये," दादा म्हणाले.

मला एकदम भरून आलं, का ते अजून नीट सांगता येत नाही. २०१८ च्या देशभरातल्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले, साडेतीन कोटींच्या जवळपास फोटो आले, त्यात वाघांचे ७६,६५१. हे आकडे मी नेहमी अभिमानाने सांगायचे. फोटोत न आलेल्या वाघांचाही अंदाज गणितात धरतात, मैत्रिणीने समजावलं, पण ते गणित ऐकताना माझं लक्ष त्या बांबूमागच्या पानांवरच होतं.

चौथ्या दिवशी कोअरमध्ये, म्हणजे जंगलाच्या गाभ्यात, सफारी. एका वाघिणीच्या पुढे-मागे चौदा जिप्सी, मी मोजल्या. लोक सीटवर उभे, ड्रायव्हर एकमेकांना गाडी मागे घे म्हणून ओरडतायत, आणि ती रस्ता ओलांडायला जागा शोधत तीनदा मागे फिरली. कॅमेऱ्याच्या डब्याला निदान वळसा तरी घालता येतो, आम्ही तिला तेवढीही जागा ठेवली नव्हती. मी आमच्या ड्रायव्हरदादांना गाडी मागे घ्यायला सांगितलं, गाडीतले बाकीचे चिडले, चिडू देत. मला त्या फोटोचा आनंद झाला नसता.

बफरमधले ते दोन्ही कॅमेरे आता पुढे नाल्याच्या वळणावर हलवलेत. परवा मैत्रिणीला विचारलं, डावी बाजू अजून मिळालेली नाही.