शिवडीचे रोहित (फ्लेमिंगो): घड्याळ नको, भरती बघा

शिवडीच्या धक्क्यावरून निराश होऊन परतणारे बहुतेक लोक पक्ष्यांमुळे नाही, वेळेमुळे फसतात. पूर्ण ओहोटीला चिखल दूरवर उघडा पडतो आणि रोहित म्हणजे नुसते गुलाबी ठिपके. पूर्ण भरतीला चिखल बुडतो, मग थवे नवी मुंबईतल्या पाणथळींकडे उडतात. नेरूळचा डीपीएस तलाव त्यातलाच. म्हणून भरतीच्या आधी किंवा नंतर साधारण दोन-तीन तास गाठावेत. भरती रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते, तेव्हा गेल्या रविवारची वेळ या रविवारी चालत नाही.

धक्का पूर्वेकडे तोंड करून आहे. सकाळी ऊन डोळ्यांवर येतं, पक्षी काळे दिसतात. फोटो हवेत तर दुपारनंतरची भरती निवडा. ८x४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची) दुर्बीण पुरते.

धाकटा आणि थोरला या रोहितच्या दोन जाती ओळखताना रंगावर विसंबू नका, चोच बघा. गडद लाल, लांबून काळीच वाटणारी चोच धाकट्या रोहितची. फिकट गुलाबी आणि फक्त टोकाला काळी असेल तर थोरला. मळकट राखाडी दिसतात ती पिल्लं, वेगळी जात नव्हे. आणि हो, ड्रोन घरीच ठेवा.