हजारात पाच

रविवार, रात्री

आज नळाला पाणी येण्याचा दिवस. सकाळ टाकी आणि ड्रम भरण्यात गेली. जेवणं उरकल्यावर कूलरसमोर लॅपटॉप घेऊन बसलो.

मार्चअखेर कामावरून कमी केलं. वाळूजला कारखान्यात क्वालिटीत, म्हणजे मालाच्या तपासणीत होतो, वय ४३. त्या दिवसाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. गेटपास जमा केला, हिशेब घेतला, घरी आलो. घराचा हप्ता मात्र चालू आहे.

आता कॅमेऱ्याला खराब पार्ट ओळखायला शिकवणं शिकतोय. पायथॉन ही प्रोग्रामिंगची भाषा आयआयटींच्या एनपीटीईएलच्या व्हिडिओंवरून, फोटो ओळखणारा प्रोग्रॅम, म्हणजे मॉडेल, गूगलच्या ऑनलाइन कोलॅबवर; दोन्ही फुकट. सहा महिन्यांत डेटा सायंटिस्ट करून देतो म्हणणाऱ्या क्लासवाल्यांचेही फोन येतात. फी ऐकली की मी रेंज नसल्याचं सांगतो.

सरावाला फोटो कुठून आणायचे? आपल्या रिजेक्शनचे फोटो कुठला कारखाना बाहेर देईल! जर्मनीच्या एमव्हीटेक कंपनीने २०१९ मध्ये ५,३५४ फोटोंचा एक संच खुला केलाय. त्यात मॉडेलला शिकवायला फक्त चांगल्या मालाचे फोटो आहेत. चांगलं काय ते नीट कळलं की वेगळं दिसणारं आपोआप खटकावं, असा हिशेब. आम्ही नवीन इन्स्पेक्टरला मास्टर पीस, म्हणजे नमुन्याचा निर्दोष पार्ट, हातात देऊन उभं करायचो, ते याच्यासाठीच.

ऑनलाइन बॅचमधल्या एका पोराने आज ग्रुपवर टाकलं, अचूकता ९९.५ टक्के! सगळ्यांचे अंगठे. मी विचारलं, खराब पार्ट किती होते? हजारात पाच. अरे, मग मॉडेलने डोळे मिटून सगळ्यांना ओके म्हटलं तरी ९९.५ येणारच, आणि ते पाचही कस्टमरच्या दारात जाणार. पाचातले पकडले किती, ते सांग. तपासलं तर एकही नव्हता. पोरगं हुशार आहे, कोडिंगमध्ये मला दहा वेळा विकेल. पण कस्टमर कम्प्लेंटचा फोन त्याने कधी घेतलेला नाही.

लेबलिंगचंही, म्हणजे फोटोत खराब जागेवर खूण करण्याचंही तेच. डेंट मशीनिंग झालेल्या फेसवर असेल तर रिजेक्ट, कास्टिंगच्या कच्च्या बाजूला असेल तर बहुतेक वेळा चालतो. ड्रॉइंग न बघता सगळ्याला डिफेक्टचा चौकोन मारला, की मॉडेल चांगला मालही फेकणार. ऑइलचा डाग क्रॅकसारखा दिसतो, तिथे तर कोडला हात लावायचीही गरज नसते. पार्ट पुसा, लाइट तिरपा करा.

संध्याकाळी अण्णांचा गावाकडून फोन. "काय करायलास सध्या?"
"मशीनला तपासणी शिकवायलोय."
"म्हंजे पुन्हा तपासणीच की!"

उद्या चिकलठाण्यात एका छोट्या युनिटच्या मालकाला भेटायचंय. लाइनवर दर सहा सेकंदांना पार्ट येतो, तेवढ्यात होईल का, एवढंच त्याने विचारलंय. माझ्या लॅपटॉपवर होतं. पगार जुन्याच्या निम्मा म्हणाला तरी दिवाळीपर्यंत घ्यायचा, असं आम्हा नवरा-बायकोचं ठरलंय.