बर्लिनहून: पावणेचोवीस सेंटिमीटरचं आवर्तन

रविवारी बर्लिनमधली दुकानं बंद असतात आणि जुना बाजार, म्हणजे इथला फ्लोमार्क्ट, तुडुंब भरलेला असतो. माउअरपार्कच्या बाजारात खोकीच्या खोकी कॅसेट मिळतात. त्यातल्या पुष्कळशा मुलांच्या श्राव्य नाटिकांच्या असतात. जर्मनीत या नाटिका कॅसेटवर ऐकत दोन-तीन पिढ्या मोठ्या झाल्या, त्यामुळे घर आवरलं की त्या ढिगाने बाहेर पडतात. कॅसेटप्लेअर तर कधीकधी फुटपाथवरच सापडतो. नको असलेली वस्तू खोक्यात ठेवून वर ‘त्सू फरशेंकन’, म्हणजे ‘फुकट घेऊन जा’, असं लिहायची इथे रीतच आहे.

टेपचं आणि या देशाचं नातं जुनं आहे. फ्रित्स फ्लॉयमर यांनी १९२८ मध्ये ड्रेस्डेनमध्ये चुंबकीय फितीचं पेटंट घेतलं. १९३५ च्या बर्लिन रेडिओ प्रदर्शनात एईजी कंपनीने मॅग्नेटोफोन मांडला. १९६३ मध्ये फिलिप्सने आजची ओळखीची कॅसेट पहिल्यांदा दाखवली, तीही बर्लिनच्या याच प्रदर्शनात. अशा कॅसेटमधली लांबलचक फीत काढून टाकायची आणि तिच्या जागी वीतभर तुकड्याचं कडं बसवायचं, की पाच सेकंदांचा आवाज पुन्हा पुन्हा फिरत राहतो. हाच टेप लूप. प्रायोगिक संगीत करणारे इथले कितीतरी जण मंचावर अशा चार-पाच कॅसेट घेऊन बसतात.

मराठी कानाला लूप समजावून सांगायला परका शब्द लागत नाही. लूप म्हणजे आवर्तन, आणि फितीची टोकं जिथे जोडली तो सांधा ही त्याची सम. फरक एवढाच की हे आवर्तन पट्टीने मोजता येतं. कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणून २३.८ सेंटिमीटरचं कडं बरोबर ५ सेकंदांत एक फेरी पुरी करतं. त्यात झपतालाच्या १० मात्रा बसवल्या तर लय मिनिटाला १२० मात्रांची होते आणि एकेक मात्रा २.३८ सेंटिमीटरची. रूपकाच्या ७ मात्रा बसवल्या तर मिनिटाला ८४. कापताना एक मिलिमीटर चुकला तर २१ मिलिसेकंद चुकतात. एका फेरीत ते कळत नाहीत, पण दोन मशीनवर दोन लूप शेजारी लावले तर पंचवीसएक फेऱ्यांत एक लूप दुसऱ्याच्या पूर्ण एक मात्रा पुढे गेलेला असतो. असं सरकणं हवं असेल तर ते मुद्दाम करावं, आणि मुद्दाम करायचं तर नीट मोजता आलं पाहिजे.

कॅसेट निवडताना पहिली अट स्क्रूची. पाच बारीक स्क्रू दिसले तर घ्या. दोन्ही अर्धे वितळवून चिकटवलेली कॅसेट उघडताना तडकते, आणि तडकलेलं कवच पुन्हा सरळ बसत नाही. फीत सी-६० ची, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेटची घ्या, ती १६ ते १८ मायक्रॉन जाड असते. सी-९० सुमारे १२ मायक्रॉनची असते, तीही चालून जाते. सी-१२० मात्र नको. तिची फीत जेमतेम ९ मायक्रॉनची, ती ताणली जाते आणि मशीनच्या रबरी रोलरला गुंडाळली जाते. फितीवरचा चुंबकीय लेप साधा लोहाचा, म्हणजे टाइप १ असलेला बरा. तो कुठल्याही मशीनवर रेकॉर्ड होतो.

इथे एक कळकळीची विनंती. भारतातल्या घराघरांत अजून जुन्या कॅसेट पडून आहेत: कुणाच्या आजीच्या ओव्या, गावातलं कीर्तन, लग्नाच्या मंगलाष्टका. ज्या कॅसेटवर घरी केलेलं ध्वनिमुद्रण असू शकेल, ती कापू नका. आधी पूर्ण ऐका, संगणकावर उतरवा आणि तरीही मूळ कॅसेट जपून ठेवा. लूपसाठी कारखान्यातून छापून आलेली, हजारो प्रती निघालेली कॅसेट पुरते.

बाकी सामान थोडं आहे. छोटा फिलिप्स, म्हणजे अधिकच्या चिन्हासारख्या टोकाचा, स्क्रूड्रायव्हर, दाढीचं नवं पातं, ३.८१ मिलिमीटर रुंदीच्या फितीसाठी खाच असलेला कापण्याचा ठोकळा, कॅसेटच्या मापाची जोडपट्टी (फितीची टोकं जोडायची खास चिकटपट्टी), ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि सुती बोळे. अल्कोहोल इथे बाउमार्क्टमध्ये, म्हणजे बांधकाम सामानाच्या दुकानात मिळतं. घरातली पारदर्शक चिकटपट्टी जोडपट्टीऐवजी वापरू नका. तिचा गोंद उबेने पाझरतो, हेडवर, म्हणजे फितीवर आवाज लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या भागावर, बसतो आणि दोन दिवसांत सांधा सरकतो. पातं चुंबकाजवळ ठेवलेलं नसावं. चुंबकत्व धरलेल्या पात्याने कापलं की सांध्याच्या जागी ‘टक्’ असा आवाज कायमचा राहतो.

कॅसेट टेबलावर आडवी ठेवून उघडा आणि आतल्या वस्तूंच्या जागा नीट पाहून घ्या, हवं तर फोटो काढा. दोन दातेरी चाकं, पुढच्या दोन कोपऱ्यांत दोन लहान रोलर, मधोमध पितळी पट्टीवर बसवलेली फेल्टची गादी, तिच्या मागे पातळ धातूचा पडदा, आणि वर-खाली एकेक गुळगुळीत कागद. यातलं काहीही वगळायचं नाही. गादी नसेल तर फीत हेडला टेकत नाही आणि वरचे स्वर मंद होतात. कागद नसतील तर फीत कवचावर घासते आणि कॅसेट किंचाळते. रोलरच्या जागी नुसते प्लॅस्टिकचे खुंट असतील तर ते कवच सोडून द्या. पाच सेकंदांच्या लूपचं घर्षण त्याला झेपत नाही.

आता वाट. फीत डाव्या कोपऱ्यातल्या रोलरवरून हेडसमोरून उजव्या रोलरकडे येते, तिथून उजव्या चाकाच्या बाहेरून वर चढते, दोन्ही चाकांच्या माथ्यावरून डावीकडे जाते आणि डाव्या चाकाच्या बाहेरून पुन्हा खाली उतरते. चाकांवर जुनी फीत नसेल तर ही वाट साधारण २२ ते २४ सेंटिमीटर भरते. कवचागणिक ती बदलते, म्हणून इंटरनेटवरचा आकडा न वापरता स्वतः मोजावं. फितीचा एक तुकडा त्या वाटेने फिरवा, टोकं एकमेकांवर येतील तिथे बारीक पेनने खूण करा आणि तुकडा सरळ करून पट्टीवर धरा. वाट हव्या लांबीपेक्षा कमी भरली तर दोन्ही चाकांवर थोडी जुनी फीत गुंडाळलेली ठेवा आणि तिचं टोक जोडपट्टीने पक्कं करा. चाक जाड झालं की वाट लांबते. या एका युक्तीने झपतालाचे २३.८ सेंटिमीटर बहुतेक कवचांत बसवता येतात.

कापण्याआधी बाजू ओळखा. कॅसेटमध्ये लेपाची बाजू बाहेर, हेडकडे तोंड करून असते. आतल्या बाजूला, म्हणजे पाठीला, पेनने टिंब देऊन ठेवा, कारण काही फितींच्या दोन्ही बाजू सारख्याच चकाकतात. दोन्ही टोकं ठोकळ्याच्या एकाच ४५ अंशांच्या खाचेत, एकाच दिशेने कापा. लांबी एकाच कडेवर मोजा. टोकं भिडवा, एकावर एक चढू देऊ नका, आणि मध्ये फटही नको. जोडपट्टी पाठीवर, सुमारे एक सेंटिमीटर लांबीची. ती फितीच्या कडेबाहेर केसभरही आली तर गोंद रोलरला चिकटतो. नखाने घासून हवेचे बुडबुडे काढा. चिकटवण्याआधी फितीला पीळ नाही ना, हे पाहा. अर्धा पीळ राहिला तर एकाआड एक फेरीत फितीची पाठ हेडसमोर येते आणि आवाज पांघरुणातून आल्यासारखा येतो.

तिरका काप का? सरळ कापला तर जुना आवाज एका क्षणी तुटतो आणि नवा सुरू होतो, म्हणून ठोका बसतो. तिरक्या कापात एक आवाज ओसरत असताना दुसरा चढतो. मोनो मशीनचा पट्टा, म्हणजे फितीवर आवाज उमटतो ती लांब रेघ, १.५ मिलिमीटर रुंद, म्हणजे हे ओसरणं-चढणं ३१ मिलिसेकंदांचं. स्टिरिओत प्रत्येक पट्टा ०.६ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम १२ मिलिसेकंद. म्हणून तानपुऱ्यासारख्या सलग आवाजाला जुनं मोनो मशीन अधिक मानवतं. तंबोऱ्याच्या तारा छेडताना सांधा जोडीच्या षड्जावर येईल असं पाहिलं तर तो जवळजवळ लपतो.

कवच बंद करण्याआधी लूप बोटाने उचलून पाहा. दोन-तीन मिलिमीटर सैल असावा. घट्ट झाला तर आवाज लहरतो आणि काही मशीन फितीचा शेवट आला असं समजून थांबतात. जास्त सैल झाला तर फीत वाट सोडते आणि कॅप्स्टनच्या, म्हणजे फीत पुढे ओढणाऱ्या, दांडीला वेढे घालते. पेन्सिल उजव्या चाकात घालून दोन फेऱ्या फिरवा, लूप अडत नसेल तरच मशीनमध्ये घाला. फास्ट फॉरवर्ड आणि रिवाइंडला हात लावू नका.

कारखान्याच्या कॅसेटची मागची पाकळी तोडलेली असते. रेकॉर्ड करण्यासाठी तो खड्डा चिकटपट्टीने झाकावा लागतो. साध्या मशीनवर एक गोष्ट ध्यानात ठेवायची: पुसणारं हेड रेकॉर्ड हेडच्या आधी येतं. त्यामुळे एका फेरीपेक्षा जास्त वेळ रेकॉर्ड दाबून धरलं तर दुसऱ्या फेरीत पहिली पुसली जाते. थरावर थर चढवायचे असतील तर पुसणाऱ्या हेडवर पातळ प्लॅस्टिकचा छोटा तुकडा चिकटवा. त्याची वायर तोडू नका. पुष्कळ मशीनमध्ये त्या हेडची गुंडाळी रेकॉर्डिंगच्या बायस सर्किटचाच (बायस म्हणजे रेकॉर्ड करताना आवाजात मिसळला जाणारा, कानाला न ऐकू येणारा उच्च कंपनांचा प्रवाह) भाग असते आणि वायर तुटली की रेकॉर्डिंगच बंद पडतं. स्वस्त मशीनमध्ये पुसायला साधं लोहचुंबक असतं, ते बाजूला सरकवता येतं. झाकल्यावरही प्रत्येक नव्या थराबरोबर बायस जुना थर थोडा खातो, आधी वरचे स्वर जातात. पाच-सहा थरांनंतर पहिला आवाज धुक्यात गेल्यासारखा होतो. या कामातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच आहे, आणि संगणकावर ती इतकी सहज येत नाही.

उलटा आवाज हवा असेल तर चार पट्ट्यांचं पोर्टास्टुडिओ जातीचं मशीन लागतं. ते चारही पट्टे एकाच दिशेने वाजवतं, म्हणून कॅसेट पालटली की पहिला पट्टा चौथ्याच्या जागी येऊन उलटा वाजतो. साध्या मशीनवर पालटलं तर दुसऱ्या बाजूचे वेगळे पट्टेच ऐकू येतात.

इथल्या जुन्या जर्मन मशीनना मागे पाच पिनांचं गोल डिन सॉकेट असतं. आवाज ३ आणि ५ नंबरच्या पिनांतून बाहेर येतो, १ आणि ४ मधून आत जातो, २ अर्थिंग. आत जाणारी वाट फार नाजूक संकेतासाठी केलेली असते. फोन थेट जोडला तर आवाज फाटतो. प्रत्येक वाहिनीत ४७० किलोओहमचा रेझिस्टर मालिकेत जोडला की काम होतं.

मशीनचा वेग खरा किती, हे लूपच सांगतो. २३.८ सेंटिमीटरच्या लूपच्या २० फेऱ्या घड्याळावर मोजा. १०० सेकंद लागले तर वेग बरोबर, ९८ लागले तर मशीन दोन टक्के जलद आहे. एक टक्क्याने स्वर १७ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो, म्हणजे प्रमाण श्रुतीपेक्षा (२१.५ सेंट) थोडा कमी. एका मशीनवर मिळवलेला तानपुरा दुसऱ्यावर बेसूर का वाटतो, याचं उत्तर यात आहे. गाणाऱ्याने लूपशी सूर मिळवायचा, लूपला गाणाऱ्याशी मिळवत बसायचं नाही. वेगाची चकती असलेलं मशीन असेल तर गोष्ट वेगळी.

दहा-वीस सेकंदांचे लूप करायचे तर कवचात भोकं पाडून जादा खुंट बसवावे लागतात आणि फीत त्यांच्यातून नागमोडी फिरवावी लागते. ड्रिल शनिवारीच चालवा. रविवारी जर्मनीत ड्रिलच्या आवाजाला बंदी आहे आणि शेजारी ती गांभीर्याने घेतात. प्रत्येक खुंटाने ओढ वाढते, त्यामुळे चारपेक्षा जास्त खुंट सहसा निभत नाहीत.

पाच सेकंदांचा लूप तासाला ७२० वेळा हेडवरून जातो. लेप झिजतो आणि त्याची तपकिरी भुकटी हेडवर साचते. दर अर्ध्या तासाने हेड, दांडी आणि रोलर अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, रोलर रबरी असल्याने त्यावर अल्कोहोल अगदी थोडं. काम झालं की कॅसेट मशीनमधून काढून ठेवा, नाहीतर दाबलेल्या रोलरची खूण फितीवर उमटते आणि प्रत्येक फेरीत धडकते. लेबलवर तीन गोष्टी लिहा: लूपची लांबी मिलिमीटरमध्ये, रेकॉर्ड केलेलं मशीन, आणि त्याच्या २० फेऱ्यांना लागलेले सेकंद.