दोन अंगठ्यांवर रॉकेट

पुणे-मुंबई गाडीत शेजारी बसलेले काका आधी पाच-दहा मिनिटं तिरक्या नजरेनं माझ्या हातातल्या पडद्याकडे बघत राहतात. मग त्यांना राहवत नाही. "व्हिडिओ गेम का?" हो म्हटलं की पुढचा प्रश्न, "रॉकेटचा?" हो, रॉकेटचा. भाच्याचा प्रश्न जरा माहीतगाराचा असतो. "आत्या, कर्बल हा माउस-कीबोर्डचा गेम आहे. तो स्टीम डेकसारख्या हातात धरायच्या गेम-यंत्रावर तू खेळतेस तरी कशी? मी दोन दिवस डोकं फोडलं आणि सोडून दिलं."

तुम्ही सगळ्यांनी विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. गाडीत सांगायला घेतलं तर तळेगाव यायच्या आत ऐकणाऱ्याचे डोळे मिटतात, असा अनुभव आहे.

ज्यांना गेम माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा मेक्सिको सिटीतल्या स्क्वाड या कंपनीचा गेम. २०११ साली तो अर्धाकच्चा लोकांच्या हाती आला आणि २०१५ मध्ये पूर्ण झाला. हिरव्या रंगाचे, मोठ्या डोळ्यांचे बुटके कर्बल लोक, त्यांचा कर्बिन नावाचा ग्रह आणि तुम्ही जोडलेलं रॉकेट. बंदुका नाहीत, शत्रू नाही. शत्रू असलाच तर गुरुत्वाकर्षण, आणि तुमची घाई. कर्बिनची त्रिज्या ६०० किलोमीटर, हवा ७० किलोमीटरवर संपते, आणि त्याच्या जरा वर टिकून राहायचं तर सेकंदाला साधारण २३०० मीटर आडवा वेग लागतो. त्यांच्या एका चंद्राचं नाव 'मन'. "काल मनावर उतरले" असं मी म्हणते तेव्हा घरातले मान वर करून बघतात.

हे सगळं चालवायचं कीबोर्डवर. नाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे न्यायला डब्ल्यू, एस, ए, डी. स्वतःभोवती फिरायला क्यू आणि ई. इंजिनाचा जोर वाढवायला शिफ्ट, कमी करायला कंट्रोल, एकदम पूर्ण जोराला झेड, एकदम बंद करायला एक्स. टप्पा सोडायला स्पेसबार. टीनं यान स्थिर राहतं, आरनं छोटे थ्रस्टर चालू होतात, एमनं नकाशा उघडतो, जीनं पाय बाहेर येतात, यूनं दिवे लागतात. स्वल्पविरामानं आणि पूर्णविरामानं काळाचा वेग कमी-जास्त होतो, हे मला अजूनही फार आवडतं. शिवाय माउस आहेच. यानाच्या भागावर उजवं क्लिक केलं की त्याची खिडकी उघडते, उजवं बटण धरून ओढलं की कॅमेरा फिरतो.

आणि समोर सात इंची पडदा, अंगठ्यानं ढकलायच्या दोन स्टिक, दोन चौकोनी टचपॅड, चार मागची बटणं. हा डेक मामेभावानं अमेरिकेहून आणला. पहिल्या दिवशी मी कुठल्या बटणाला कुठली की याची कुणीतरी बनवून ठेवलेली तयार मांडणी उतरवून घेतली आणि खेळायला बसले.

कामशेत मागे पडलं होतं. रॉकेट ३० किलोमीटरवर, सगळं छान चाललेलं. त्या मांडणीत स्पेसबार डेकच्या ए बटणावर होता आणि माझा उजवा अंगठा आपला सवयीनं त्याच बटणावर विसावलेला. गाडीनं एक हिसका दिला. पायातला टप्पा सुटला, निम्म्या इंधनासकट. वर राहिला शंकूसारखा डबा, त्यात तीन कर्बल, आणि त्यातला एक हसत होता. (तो नेहमीच हसतो. त्याचा स्वभाव आहे.)

त्या दिवशी चूक समजली. मांडणी करणाऱ्यानं कीबोर्डवरच्या कीज मोजल्या होत्या आणि डेकवरची बटणं मोजली होती, मग एकाला एक जोडत गेला होता. कीज संपेनात म्हणून उरलेल्या कीज जागा मिळेल तिथे कोंबल्या. घर बदलताना शेवटचं खोकं भरतात तसं.

माझं डोकं चाललं ते दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करताना. मिसळणाच्या डब्यात सात वाट्या असतात. त्यात काय ठेवायचं हे घरात सामान किती आहे यावर ठरत नाही. तेल तापल्यावर ज्याच्यासाठी फडताळाकडे वळता येणार नाही, ते त्यात. मोहरी, हिंग, हळद. साबुदाणा कितीही लागत असला तरी तो वरच्या फळीवर. मी वही घेतली आणि प्रत्येक कीला एकच प्रश्न विचारला: यान खाली कोसळत असताना ही लागते का?

यादी भराभर दोन ढिगांत पडली. जोर कमी-जास्त, इंजिन बंद, नाक फिरवणं, टप्पा सोडणं, स्थिर ठेवणं, पाय काढणं हे वाटीत. दिवे, नकाशा, काळाचा वेग, एफ ५ दाबून खेळ साठवणं हे फळीवर. झेडची मला सगळ्यात गंमत वाटली. पूर्ण जोर तर महत्त्वाचाच, नाही का? पण तो लागतो उड्डाणाच्या आधी, तळावर उभं असताना, हातात वेळच वेळ असताना. झेड फळीवर गेला. त्याच्या उलट एक्स. मनावर उतरताना पाय टेकला त्या क्षणी इंजिन बंद झालं नाही तर यान उडी मारतं आणि कलंडतं. तेव्हा कुठलाही अंगठा मोकळा नसतो. म्हणून एक्स मागच्या उजव्या बटणावर, जिथे मधलं बोट तसंही टेकलेलंच असतं.

हे सगळं करायला डेकमध्ये स्टीम इनपुट नावाची सोय आहे. कुठल्याही बटणाला कुठलीही की किंवा माउसची हालचाल देता येते, आणि गेमला वाटतं खरोखरच कीबोर्ड जोडलाय. एकाच बटणाचा टिचकीला एक अर्थ, दोनदा दाबलं तर दुसरा, दाबून धरलं तर तिसरा असंही करता येतं. तिथेच माझा स्पेसबार सुधारला. आता तो मागच्या डाव्या बटणावर आहे आणि दाबून धरलं तरच लागतो. ही अक्कल मूळ गेमचीच. साठवलेला खेळ परत आणायची एफ ९ ही की गेम नुसत्या टिचकीला जुमानत नाही, धरून ठेवावी लागते. मी तोच नियम स्पेसबारला लावला. शिफ्ट आणि कंट्रोल उजव्या-डाव्या ट्रिगरवर, म्हणजे तर्जनीनं दाबायच्या खटक्यांवर. ही एकच गोष्ट त्या तयार मांडणीतून मी तशीच ठेवली, कारण गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर पायाला जितका सहज सापडतो तितका तो ट्रिगर बोटाला सापडतो.

स्टिकचं सांगायचं तर, डाव्या स्टिकला डब्ल्यू-ए-एस-डी दिलं की रॉकेट झटके खात वळतं. की एकतर दाबलेली असते किंवा नसते, मधलं काही नाही. कॅप्स लॉकनं हालचाल बारीक होते, पण मी सरळ स्टिकला जॉयस्टिक म्हणूनच ठेवलं आणि गेमच्या सेटिंगमध्ये जाऊन नाक वर-खाली, डावी-उजवी हे तिला जोडलं. थोडी ढकलली की थोडं वळतं.

उजवा टचपॅड म्हणजे माउस. इथे एक धडा फुकटात देते: पॅड दाबून क्लिक होतं, पण दाबताना बोट किंचित सरकतं आणि बाण हलतो. डावं क्लिक वरच्या उजव्या बटणावर घ्या. अंगठ्यानं नेम, तर्जनीनं क्लिक.

डाव्या पॅडवर तो फळीवरचा सगळा माल. बोट ठेवलं की पडद्यावर गोल चकती उघडते आणि एकेका फोडीत एकेक काम. नकाशा, दिवे, काळ, साठवणं, झेड. नकाशात गेलं की मात्र तोच पॅड माउसचं चाक होतो. कक्षा बदलायची असेल तर नकाशावर एक बिंदू रोवायचा आणि त्याच्या सहा दांड्या ओढायच्या. छोट्या पडद्यावर त्या ओढणं म्हणजे सुईत दोरा ओवणं. पण बाण दांडीवर नुसता ठेवून चाक फिरवलं तर आकडा हळूहळू सरकतो. डावा अंगठा पॅडवर जात्यासारखा गोल फिरवायचा, आतून टिक-टिक अशी बारीक थरथर लागते. या गेममधलं माझं सगळ्यात आवडतं काम हेच, रॉकेट उडवण्यापेक्षाही.

डेकला जायरोही आहे, म्हणजे यंत्र तिरकं केलं की बाण हलतो. घरी सोफ्यावर ते झकास चालतं. खंडाळ्याच्या घाटात वेगळीच मजा. मी हात स्थिर धरून बसलेली आणि बाण आपला हळूहळू डावीकडे निघालेला. मला वाटलं यंत्र बिघडलं. मग लक्षात आलं, आख्खी गाडीच डावीकडे वळतेय आणि जायरो बिचारा इमानदारीत ते नोंदवतोय. आता उजव्या स्टिकच्या टोकाला अंगठा लागला असेल तेवढाच वेळ जायरो जागा राहतो, आणि लोणावळा ते कर्जत मी तिथे अंगठा नेतच नाही.

आता मांडण्या बदलण्याबद्दल, कारण भाचा तिथेच अडकला होता. उडताना एक्स म्हणजे इंजिन बंद. यान जोडायच्या शेडमध्ये तोच एक्स म्हणजे सममिती, एका पंखाचे दोन, तीन, चार करणारा. सकाळी टपाल वाटणारा माणूस संध्याकाळी भजनात पेटीवर बसतो, तसा. त्यामुळे एकच मांडणी सगळीकडे चालवायचा हट्ट सोडावा. माझ्या तीन आहेत: शेडची, उड्डाणाची आणि जोडणीची, म्हणजे डॉकिंगची. बदल मलाच करावा लागतो, एक बटण धरून. मी विसरते. विसरले की काय होतं ते सांगत नाही.

शेडची मांडणी आहे, पण खरं सांगू का, ती वापरू नका. शेकडो छोटे भाग उचलून अचूक जागी चिकटवायचे, कुठला पाच अंश फिरवायचा, हे काम टेबलाशी बसून माउसनंच करावं. मी यान घरच्या कॉम्प्युटरवर जोडते, फाइल डेकवर टाकते आणि गाडीत फक्त उडवते. अक्षरं बारीक दिसतात ही तक्रारही बरेच जण करतात. सेटिंगमध्ये ती मोठी करता येतात. मी केलीत, आणि वर चाळिशीचा चष्माही आहे.

डॉकिंगची मांडणी मात्र अभिमानानं दाखवावी अशी. दोन यानं कक्षेत एकमेकांसमोर, आणि एकाला दुसऱ्याच्या तोंडाला हळूच टेकवायचं. इथे ट्रिगरवर जोर नाहीच. उजवा ट्रिगर एच, म्हणजे छोट्या थ्रस्टरनं पुढे. डावा एन, मागे. डावी स्टिक सरकायला, उजवी वळायला. सरकण्यात एक गोम आहे: मूळ गेममध्ये आय दाबलं की यान खाली जातं आणि के दाबलं की वर. कीबोर्डवर हे 'वरची' की दाबून खाली जाणं कसंबसं अंगवळणी पडतं. स्टिकवर हात ते मानतच नाही. मी वर के दिला, खाली आय, आणि प्रश्न मिटला. मुख्य इंजिन या मांडणीत कुठेच नाही. चुकून लागू शकेल असं बटणच ठेवलेलं नाही. दोन यानांत पाच मीटर उरलेले असताना एका बोटाच्या चुकीनं काय होतं हे मी तीनदा पाहिलंय.

परवा याच मांडणीवर एक जोडणी चालली होती. ठाणं मागे टाकलेलं. अंतर चाळीस मीटर, वेग सेकंदाला ०.२ मीटर. शेजारचे काका आता तिरकं वगैरे न बघता सरळ वाकून बघत होते. वीस मीटर. दहा. तीन मीटरवर आल्यावर दिसलं की तोंड साधारण मीटरभर बाजूला आहे. सरकवून बघितलं, जमेना. डावा ट्रिगर दाबला आणि यान मागे घेतलं.

"अहो, आलं होतं की जवळ!" काका म्हणाले.

"वाकडं लागलं असतं."

त्यांनी थोडा विचार केला. "इस्रोनंसुद्धा तसंच केलं होतं. ते दोन उपग्रह जोडायचे होते ना, मागे एका जानेवारीत. तीन मीटरपर्यंत नेले आणि मागे घेतले."

स्पेडेक्स. १२ जानेवारी २०२५ ला आधी पंधरा, मग तीन मीटरपर्यंत आणून सुरक्षित अंतरावर मागे नेले, आणि १६ तारखेला जोडले. काकांना तारीख सोडून बाकी सगळं पाठ होतं.

"मग त्यांनी चार दिवस घेतले," ते म्हणाले, "तुम्हाला दादर येईपर्यंत वेळ आहे."

मी डाव्या पॅडवर बोट ठेवलं, चकतीतून एफ ५ करून ठेवलं आणि पुन्हा चाळीस मीटरवरून निघाले.