अंगठ्याची गोळी छातीला कशी?

अशोक चौकाजवळच्या आमच्या मेडिकलमध्ये कोल्चिसिन म्हणजे गाऊटवाल्यांची, युरिक ॲसिडनं पायाचा अंगठा सुजणाऱ्यांची गोळी. आखाडात मटण आणि 'बाकीचं' जोरात झालं की तिचा खप वाढतो. त्यामुळं परवा पॉवरलूमवाले एक मामा चिठ्ठी घेऊन आले आणि तणतणलेच. "काय ओ, पोराच्या छातीत दुखतंय आणि डॉक्टरनं अंगठ्याची गोळी लिहिलीय की ओ!"

चिठ्ठी बरोबर होती. पोराला पेरिकार्डायटिस, म्हणजे हृदयाभोवतीच्या पिशवीला सूज. आडवं झालं, खोल श्वास घेतला की कळ येते; पुढं वाकून बसलं की जरा बरं वाटतं. अटॅक नाही हे ईसीजी, इकोवरून आधीच बघितलेलं. आयबुप्रोफेन या दुखण्या-सुजेवरच्या गोळीच्या जोडीला ०.५ मिलिग्रॅम कोल्चिसिन, तीन महिने. पोरगं सत्तर किलोच्या आतलं, म्हणून दिवसाला एकच.

मामांना मागाच्याच भाषेत सांगितलं. पेशीच्या आत बारीक नळ्यांचा ताणा असतो, ही गोळी तो नीट लागूच देत नाही. मग सूज वाढवायला धावणाऱ्या पांढऱ्या पेशींचा धोटा अडतो. अंगठा असो नाहीतर हृदय, सुजेची तऱ्हा तीच. २०१३ साली इटलीतले हृदयरोगतज्ज्ञ मासिमो इमाझिओंच्या गटाने २४० रुग्णांवर हे तपासलं. नुसत्या नेहमीच्या औषधांवर शंभरातल्या ३७-३८ जणांचं दुखणं रेंगाळलं किंवा उलटलं. कोल्चिसिन जोडल्यावर सतराएक जणांचं.

"मग मीपण घेऊ का? मला बीपी हाय." नाही ओ! रक्तवाहिन्या आधीच खराब असलेल्यांसाठी अमेरिकेनं २०२३ मध्ये हिला मंजुरी दिली खरी, पण २०२४ मध्ये ताज्या अटॅकनंतरच्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. आणि ही मुळात कळलावीसारख्या विषारी झाडातून येते. जास्त झाली तर जीव घेते. जुलाब लागले तर डॉक्टरांना कळवायचं. खोकल्यासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक दिलं तर या गोळीचं नाव आधी सांगायचं, कारण दोन्ही मिळून रक्तात विष साठतं. किडनी अधू असेल तर आणखी जपायचं. हे मी पाकिटावर मार्करनं लिहून देतो; बिलामागं लिहिलेलं कोण वाचतंय?

मामा दहाच गोळ्या मागत होते. महिन्याच्या दिल्या. चार दिवसांत बरं वाटतं, पोरं औषध सोडतात, आणि दुखणं उलटायला तेवढं पुरतं.

पोरगं बाहेर गाडीवरूनच ओरडलं, "जिम कधी चालू करू?"

"सीआरपी, म्हणजे सूज दाखवणारी रक्ताची तपासणी, नॉर्मल येऊन डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाही."